दर्जाची झेरॉक्स

आमच्या गावात कुठल्या शाळेची तपासणी कधी आहे, हे खात्याच्या पत्राआधी मला कळतं. यात ज्योतिषाचा भाग नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एरवी दोन-चार आधार कार्डं आणि एखादा सातबारा यांवर पेंगणारं मशीन एखाद्या दुपारी अचानक तापू लागतं. गुरुजी घामाघूम होऊन काउंटरवर कोपरं टेकतात आणि म्हणतात, "सगळ्याच्या तीन-तीन काढा. स्पायरल करा. कव्हर जरा भारीतलं लावा." मी ओळखतो, परवा साहेब आहेत.

सरावानं आता मला कागदांच्या जाडीवरून साहेबांची उंचीही सांगता येते. तीस पानांपर्यंत केंद्रप्रमुख. शंभराच्या आसपास विस्तार अधिकारी. आकडा तीनशेच्या पुढे गेला आणि वर रंगीत फोटोही मागितले, तर जिल्ह्याहून पथक निघालं आहे असं खुशाल समजावं. 'सरप्राइज व्हिजिट' असेल तर पानं थोडी कमी भरतात, कारण गुरुजींना ती एकच दिवस आधी कळलेली असते.

तर अशा माणसाला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष करणं म्हणजे चोराला पोलीस पाटील करण्यासारखंच. पण झालं खरं. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला अशी समिती नेमून दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. माझी मुलगी सातवीत, म्हणजे मी पालक. निवडीच्या सभेला मी हजर नव्हतो, टोनर आणायला तालुक्याला गेलो होतो. गैरहजर माणूस 'नको' म्हणू शकत नाही, ही माझी पहिली पात्रता. दुसरी हेडसरांनी सभेत सांगितली म्हणे : "माणूस शांत आहे, आणि झेरॉक्स उधारीवर देतो." ठराव एकमतानं मंजूर झाला. त्याची झेरॉक्सही मीच काढली.

अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की शाळा चांगली की वाईट हे ठरवायला गावात कुणालाही शाळेत जावं लागत नाही.

आमचे वडील सातवी फायनलच्या काळातले. त्या काळी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस थेट मास्तर होऊ शकत असे. त्यामुळे आजच्या सातवीतल्या मुलीला निदान तलाठ्याइतकं तरी यावं, अशी त्यांची माफक अपेक्षा. नातीला ते जेवताना अचानक विचारतात, "पावणेसात पंचे किती?" ती म्हणते, "आजोबा, आम्हाला दशांश अपूर्णांक आहेत." वडील घास खाली ठेवतात. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही सहा नावं ते मेलेल्या भावंडांसारखी एकेक करून घेतात आणि म्हणतात, "बुडाली शाळा."

शेजारचे शेठ शाळा टायवरून ओळखतात. त्यांचा मुलगा १४ किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत जातो. सकाळी पिवळी बस दारात येते, तेव्हा ते ओट्यावर उभे राहून आमच्या कन्येकडे बघतात, जसं फर्स्ट क्लासचा प्रवासी फलाटावरून जनरलच्या डब्याकडे बघतो. पोरगा काय शिकतो, असं मी एकदा विचारलं. "सगळं इंग्लिशमधून आहे, आपल्याला काही कळत नाही," ते अभिमानानं म्हणाले. न कळणं हाच त्यांच्या लेखी दर्जाचा पुरावा.

आमच्या सौभाग्यवतींचा निकष सगळ्यांत तोकडा. मी अध्यक्ष झालो त्या रात्री तिनं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का?"

"बघतो," मी म्हणालो. अध्यक्षानं पहिल्या दिवशी जे म्हणायचं असतं तेच म्हणालो.

आणि मग आली शाळासिद्धी. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांनी ही कुठल्या तांत्रिकाकडून मिळवायची विद्या समजू नये. शाळांनी स्वतःचं मूल्यमापन स्वतः करावं म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेनं २०१५ मध्ये ही चौकट आणली. सात क्षेत्रं, ४६ मानकं, आणि प्रत्येक मानकापुढे तीन स्तर. आपण कुठल्या स्तरावर आहोत ते शाळेनंच प्रामाणिकपणे ठरवायचं. मग बाहेरचं पथक येऊन तो प्रामाणिकपणा तपासणार.

ते भरायला आम्ही ऑफिसात बसलो. हेडसरांच्या डोक्यावर शिक्षकांचा फळा. त्यावर शुभ्र ऑइलपेंटनं लिहिलेलं : भाषा, अमुक बाई. सामाजिक शास्त्र, तमुक सर. गणित व विज्ञान, रिक्त. सहावी ते आठवीला या तिन्ही गटांसाठी निदान एकेक शिक्षक असावा, असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं. आमच्याकडे फळ्यावर तिन्ही ओळी भरलेल्या आहेत, म्हणजे कायद्याचं समाधान झालं. पाचवीत नव्यानं आलेल्या एका पोरानं मात्र मधल्या सुट्टीत बाईंना विचारलं होतं, "बाई, ते रिक्त सर कधी येणार?"

हेडसरांनी चष्मा लावला. "मानक पहिलं. बोला अध्यक्ष, किती देऊ?"

"जितकं असेल तितकं द्या."

हेडसरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला टोनर आणायला परत तालुक्याला जावंसं वाटलं. मग त्यांनी ३० वर्षांच्या नोकरीचं सार सांगितलं. "सगळीकडे तीन दिले तर वरून विचारतात, पुरावा दाखवा. सगळीकडे एक दिला तर विचारतात, इतकी वर्षं काय केलं? म्हणून दोन. दोनाला कुणी काही विचारत नाही. दोन म्हणजे चालू आहे, होतंय, प्रयत्न जारी." त्या दिवशी मला देशाच्या कारभाराबद्दल बरंच काही उमगलं.

दोनांची रांग मुंगीसारखी खाली सरकत गेली. मैदान, दोन. ग्रंथालय, दोन. मुलींचं स्वच्छतागृह आलं. हेडसर म्हणाले, "आहे. स्वतंत्र आहे. पाणी आहे. दोन."

"आतून कडी?"

हेडसरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "कडीचं वेगळं मानक नाही."

४६ मानकं, पण आमच्या बायकोचं एकसुद्धा त्यात नव्हतं. कडी त्या दोनात विरघळून गेली, आणि मीही काही बोललो नाही. चहा आला होता.

पथक गुरुवारी येणार होतं. सोमवारपासून शाळेत लग्नघर संचारलं. भिंती आधीच बोलक्या होत्या, आता त्या किंचाळू लागल्या. पायऱ्यांवर पाढे चढले, खांबांना महिन्यांची नावं गुंडाळली गेली, व्हरांड्यात सूर्यमाला आली. रंगाऱ्याच्या हातून शनीभोवतीचं कडं गुरूला गेलं; ते आठवीतल्या एकीनं दाखवून दिलं, तेव्हा हेडसर म्हणाले, "राहू दे, पथकात विज्ञानाचं कोणी नाही." ग्रंथालयाचं कपाट उघडलं गेलं. त्याची किल्ली गेल्या पथकानंतर कुठे ठेवली होती, हे आठवायला एक अख्खा तास गेला. आत पुस्तकं कोरी करकरीत. मुलांचे हात न लागल्यामुळे ती इतकी टिकली, हे हेडसरांनी कौतुकानं सांगितलं.

पण माझं सगळ्यांत जास्त मन रमलं ते चव रजिस्टरमध्ये. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी कुणा मोठ्यानं चाखायचा आणि शेरा लिहून सही करायची, अशी शहाणी पद्धत आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, आणि पोटात ७०० कॅलरी नि २० ग्रॅम प्रथिनं जावीत, असा केंद्राचा हिशेब. रजिस्टरात रोजची चव 'उत्तम'. जून उत्तम, जुलै उत्तम, पंधरा ऑगस्टलाही उत्तम. त्या दिवशी जिलेबी होती आणि खिचडी शिजलीच नव्हती, तरी चव उत्तम. मी खिचडीच्या मावशींना विचारलं, "रोज कोण चाखतं?" त्या म्हणाल्या, "मी. पण मला सही येत नाही ना, म्हणून सर करतात." ज्यांना चव कळते त्यांना सही येत नाही, आणि ज्यांना सही येते त्यांचा डबा घरून येतो.

गुरुवारी पथक आलं. लेझीम झालं, गुलाबाची फुलं झाली. साहेबांनी आठवीच्या वर्गात शिरून विचारलं, "मोठेपणी काय होणार?" पोरांना याचं उत्तर बुधवारी देऊन ठेवलेलं होतं, त्यामुळे वर्गात २३ कलेक्टर निघाले. मागच्या बाकावरचा एकच म्हणाला, "ट्रॅक्टर घेणार." बुधवारी तो गैरहजर होता. साहेबांनी मटकीची उसळ चाखली, 'उत्तम' लिहिलं, सही केली. बोलक्या भिंतींचे फोटो घेतले. मुलांशी मात्र फारसं बोलायला वेळ मिळाला नाही, कारण पुढे अजून दोन शाळा होत्या.

मग शेरेबुक पुढे आलं. साहेब लिहीत असताना मी त्याची मागची पानं चाळली. दिसलं ते असं, की माणसं बदलली, शाई बदलली, बॉलपेन जाऊन जेल पेन आलं, पण शेरा तोच : 'परिसर स्वच्छ. विद्यार्थी चुणचुणीत. शालेय वातावरण आनंददायी. सातवीच्या खोलीचे छत गळते, दुरुस्ती व्हावी.' पाच पानं मागे गेलो, छत गळतं. पंधरा पानं मागे गेलो, छत तेव्हाही गळत होतं. इतक्या साहेबांनी इतक्या वर्षांत त्या छताची दखल घेतली, की पावसानंसुद्धा एवढी घेतली नसेल.

पथक गेलं. मी उधारीचं बिल दिलं : झेरॉक्स, स्पायरल, रंगीत फोटो मिळून ३,१२० रुपये. आमच्या शाळेचा पट १४२. शंभराच्या वर आणि अडीचशेपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षाच्या नियमानं वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त अनुदान आहे, आणि त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चावेत अशी अट. खात्यावर सह्या दोघांच्या, हेडसरांची आणि अध्यक्षाची. म्हणजे बिल देणारा मी, आणि त्यावर 'मंजूर' लिहिणाराही मीच. इतका सुटसुटीत कारभार मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आता, झेरॉक्स काढता काढता वाचणं हा माझा एकमेव व्यासंग. एप्रिलात बाईंनी फुले जयंतीच्या भाषणाचे कागद आणले होते, ते मशीनमधून जाताना मी वाचले. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी शाळांच्या तपासणीवरही लिहिलं आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा उपयोग फारसा नाही, तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी, आणि मधूनमधून मुळीच न कळवता शाळेत जावं, असं त्यांचं म्हणणं. शंभर-सव्वाशे वर्षं ही सूचना विचाराधीन होती. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पट पडताळणी झाली. मतदाराला लावतात तशी शाई मुलांच्या बोटाला लावून मोजदाद केली, तेव्हा कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. २०१६ मध्ये तर गुरुजींनी मुलांसोबत सेल्फी काढून ऑनलाइन चढवावा असा आदेश निघाला. तो टीकेनंतर बारगळला, नाहीतर आमच्या काही गुरुजींचे फोटो फार छान आले असते.

न कळवता जाणाऱ्यांत मला एकच मंडळी माहीत आहेत, 'असर'च्या पाहणीची. २००५ पासून प्रथम ही संस्था ती करते. त्यांचे कार्यकर्ते मुलांची चाचणी शाळेत घेत नाहीत, घरी येतात. घरी लेझीम नसतं. ओसरीवर पोराला बसवून दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात, मग वजाबाकी, आणि शेवटी भागाकार, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं. एवढंच. आठवीतलं पोर त्या भागाकाराशी अडखळलं की बोलक्या भिंती मुक्या होतात.

पथक गेल्यावर दहा-बारा दिवसांनी पाऊस झाला. चांगला दणदणीत. कन्या छत्री विसरून गेली होती. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि छत्री घेऊन रस्ता ओलांडला. माझ्या अध्यक्षपदाच्या कारकिर्दीतली ही पहिली न कळवता भेट.

हेडसर तालुक्याला मीटिंगला गेले होते. सातवीची खोली शेरेबुकाशी इमान राखून गळत होती, म्हणून सहावी आणि सातवी एकाच खोलीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. फळ्यापाशी खडू घेऊन उभी होती सातवीतलीच एक मुलगी. भाषेच्या बाई सगळ्यांत मागे, मुलांच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या. मला पाहून त्या उठू लागल्या. मी म्हटलं, "बसा बसा. गणिताचा तास आहे वाटतं? तुम्ही घेता?"

"घेते कसली," बाई हळूच म्हणाल्या, "मुलांबरोबर शिकतेय. रिक्त सर येईपर्यंत."

फळ्यावर लिहिलं होतं : ६१८ रुपये ६ जणांत समान वाटा. मला पाहून पोरांना चेव आला. "काका, तुम्ही करा, काका तुम्ही!" अध्यक्षानं नाही कसं म्हणायचं? शिवाय आमच्या वडिलांचं रक्त. छत्री बाकाला टेकवली, खडू घेतला. सहा एके सहा. एकाला सहाचा भाग जात नाही, आठ खाली घेतला, अठरा. सहा त्रिक अठरा. बाकी शून्य. तेरा! खडू झटकून मी वर्गाकडे वळलो, टाळ्या येतील म्हणून.

टाळ्या आल्या नाहीत. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वहीतून डोकं वर न काढता त्या म्हणाल्या, "तपासा रे कुणीतरी."

वर्गात गुणाकाराची कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला सहावीतला एक बुटका पोरगा उठला. "काका, तेरा सक अठ्ठ्याहत्तर होतात."

"मग?"

"तुमच्याकडे सहाशे अठरा होते. सहा जणांना तेरा-तेरा दिले. बाकीचे पाचशे चाळीस रुपये कुणाच्या खिशात गेले?"

वर्ग हसला नाही, हे फार वाईट झालं. सगळे खरोखरच उत्तराची वाट बघत होते. माझा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. तिथे ३,१२० चा चेक घडी करून ठेवला होता, सकाळीच हेडसरांनी दिलेला. खाली दोन सह्या, त्यातली एक माझी.

"शून्य राहिलं तुमचं," फळ्याजवळची मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "एकाला भाग गेला नाही ना, तर वर शून्य द्यायचं असतं, मगच आठ खाली घ्यायचा. आमचंही पहिल्यांदा राहायचं." तिनं माझ्या तेराच्या पोटात शून्य घुसवलं. एकशे तीन. माझी कन्या खिडकीबाहेर पावसाकडे बघत होती, जणू हा गृहस्थ कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

मी छत्री दिली आणि निघालो. जाता जाता, का कोण जाणे, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे वळलो. आत कुणी नाही हे पाहून दार लोटलं. दाराला आतून एक दोरी बांधलेली होती. तिचं टोक लोंबून लोंबून काळं झालेलं. एका मुलीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर उभं राहून दार धरायचं, ही व्यवस्था मला नंतर कन्येनं सांगितली. ती मला आजवर कुणी सांगितली नव्हती, कारण विचारली नव्हती.

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून चांगली जाड लोखंडी कडी आणली, आणि सुताराला पावसातच नेऊन ती बसवून घेतली. कडी, स्क्रू आणि मजुरी मिळून २३० रुपये. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "दोन्ही दारांना?" परत गेलो. ४६०.

दुसऱ्या दिवशी हेडसरांना चेक परत दिला. म्हटलं, यातून आधी छतावर ताडपत्री घालू, उरलं तर माझं बघू. हेडसर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी शेरेबुक माझ्यापुढे सरकवलं. "भेट दिलीत ना काल? लिहा."

मी पेन उघडलं. 'परिसर स्वच्छ' इथपर्यंत हात सवयीनं गेला, तो खोडला. मग लिहिलं : 'न कळवता भेट दिली. गणितात एक शून्य कमी आढळले. ते अध्यक्षांचे होते. विद्यार्थ्यांनी जागेवर दुरुस्त केले. छत गळते.' आणि सही केली.

हेडसरांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "कडीचं काम स्वच्छतेच्या दहा टक्क्यांत बसतं," ते म्हणाले. "बिल आणा. कडी लावण्याआधीचा एक फोटो, लावल्यानंतरचा एक."

"आधीचा फोटो नाही काढला."

"मग पाच मिनिटं काढून परत लावा," हेडसर म्हणाले. "आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स."

दुकानात येऊन मी मशीन चालू केलं. या खेपेला पैसे लावले नाहीत.